एक जूनचें पोर

आपल्या खेड्यांत एवढीं माणसें १ जूनलाच कशीं जन्मलीं? 'पोर कोणत्या सालचें?' असें विचारतांच बाप म्हणाला, 'मोठ्या पावसाच्या सालचें', आणि मास्तरांनीं लेखणी चालविली! हल्लीं ही चाल कमी झाली. तरी ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं.

२०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील आरोपी बालन्याय मंडळापुढें जातो. पण १६ वर्षें पुरीं झालेल्या पोरावर, ज्यास निदान सात वर्षें शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याची समज पाहून त्याला प्रौढासारखें खटल्यास उभें करितां येतें. आणि वय पाहावयाचें प्रथम शाळेच्या दाखल्यावरून! मास्तरांनीं चार महिने अधिक लिहिले, कीं पंधराचें पोर सोळाचें झालें.

पुण्यास १९ मे २०२४ रोजीं मोटारीच्या धडकेनें दोन जीव गेले. आरोपी सतरा वर्षांचा, घरचा श्रीमंत. त्याच दिवशीं ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन! लोक खवळले, व कां खवळूं नये? पण 'सोळाच्या सर्वांनाच मोठे धरा' ही ओरड आम्हांस मान्य नाहीं. जुलै २०२५ मध्यें मंडळानें त्या पोरास प्रौढ धरण्याचें नाकारलेंच. श्रीमंताच्या पोराची कोंवळी समज सांगावयास नामांकित वकील उभे राहतात. वीटभट्टीवरच्या पोराची कोण सांगणार? रेघ १८ चीच असावी, आणि सर्वांना सारखी.

तोंवर घरांत मूल जन्मलें कीं २१ दिवसांचे आंत ग्रामपंचायतींत नोंदवा, आणि शाळेंत घालतांना तोच दाखला मास्तरांपुढें ठेवा.