पाण्यातल्या म्हशीचे मोल

पाण्यात बसलेल्या म्हशीचे मोल करू नये, असे आपली जुनी माणसे सांगत आली. दिसतात ती शिंगे आणि पाठ. पायाने अधू आहे की काय, ते ती बाहेर आल्यावाचून कळत नाही. गाडीतून उतरवून ठेवलेले जुने इंजिन ही अशीच म्हैस. त्यातून गाडी स्पोर्ट्‌स कार असली, तर घेणारा भुलतो आणि विकणाराही हुरळतो.

माझ्या एका स्नेह्यांनी हौसेने इंग्लंडहून एमजीबी गाडीचे जादा इंजिन आणले होते. ते वारले आणि इंजिन पुण्याच्या घरी जिन्याखाली पडून राहिले. एक गॅरेजवाला वहिनींना म्हणाला, "हे तर आपल्या अ‍ॅम्बॅसडरचंच इंजिन! त्याच भावानं घेतो." वहिनींना पैशांची निकड होती. त्यांनी मला विचारले, "भाऊजी, देऊन टाकू का?"

गॅरेजवाला अगदीच खोटे बोलत नव्हता. दोन्ही इंजिने ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरीज' घराण्यातली. पिस्टनची धाव दोन्हींत ८८.९ मिलिमीटर. पण अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर, एमजीबीचा ८०.२६, एक १४८९ सीसीचे, दुसरे १७९८. भाऊबंद झाले म्हणून मोल सारखे होत नाही. एमजीबीतही पुन्हा भेद आहे. १९६२ सालच्या इंजिनात क्रँकला तीन मुख्य बेअरिंगे. १९६४ च्या अखेरीपासून पाच. आमच्या इंजिनाचा नंबर '१८ जीबी'ने सुरू होत होता, म्हणजे ते पाचाचे, अधिक दणकट.

माझा हिशेब सोपा आहे. नीट बांधून हमीसह मिळणारे तसेच इंजिन सोळा आण्यांचे धरावे. जुने इंजिन त्या अवस्थेला आणण्याचा खर्च त्यातून वजा करावा: क्रँकचे ग्राइंडिंग, सिलिंडरचे बोअरिंग, पिस्टन-रिंगा, बेअरिंगे, हेडचे काम, मजुरी. इंजिन चालू करता आले, तापल्यावरही ऑइलचा दाब टिकला आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळपास सारखे भरले, तर वजाबाकी लहान. क्रँक हाताने फिरतो एवढेच कळले, तर सगळे काम निघणार असे समजावे. तोही अडकला असेल, तर ब्लॉकचीसुद्धा शाश्वती नाही. "फार चाललेलं नाही हो," या वाक्याला पुराव्यावाचून दमडीही देऊ नये.

आमच्या इंजिनाचा क्रँक फिरत होता. खालचे ऑइल पॅन काढून गॅरेजवाल्यासमोरच एक बेअरिंग उघडले. ते झिजले होते. क्रँकवर मात्र ओरखडा नव्हता. दहा आणे कामाचे, एक आणा जोखमीचा, उरले पाच. त्याने देऊ केले होते दोन. वहिनींच्या मनात मात्र यजमानांनी मोजलेली सबंध रक्कम होती. दोघांपुढे एकच कागद ठेवला. व्यवहार पाचांवर झाला.

खरेदीची पावती मात्र इंजिनाबरोबर अवश्य द्यावी-घ्यावी. इंजिनाचा नंबर गाडीच्या नोंदणीत असतो, आणि इंजिन बदलले की आरटीओत नोंद करावी लागते. पावतीवाचून स्वस्तात घेतलेले इंजिन तिथे महाग पडते.

रास्त भाव ऐकून घेणारा थोडा कुरकुरतो, विकणाराही थोडा कुरकुरतो. पण झाकण दोघांसमोर उघडलेले असले, तर पुढे रस्त्यात भेटल्यावर कोणालाच तोंड चुकवावे लागत नाही.