दूरच्या चित्रासाठीं भिंग : प्राइम कीं झूम?

दूरच्या वस्तूचें छायाचित्र घेण्यास कोणतें भिंग आणावें, हा प्रश्न कॅमेऱ्याची हौस असलेल्या घरांत वारंवार निघतो. प्राइम भिंगाचें नाभीय अंतर कायमचें ठरलेलें असतें. झूमचें तें कमीअधिक करितां येतें. या दोहोंची खरी पारख दुकानांत नव्हे, तर बीड जिल्ह्यांतील नायगांव मयूर अभयारण्यासारख्या ठिकाणींच होते, असें आम्हांस वाटतें. पाटोदा तालुक्यांतील हें अभयारण्य १९९४ सालीं मोरांसाठीं राखण्यांत आलें.

मोर पिसारा फुलवितो तो बहुधा पावसाळ्यांत, सकाळीं किंवा सायंकाळीं. उजेड बेताचा, आणि पिसें सारखीं थरथरत असतात. अशा वेळीं ४०० मि.मी.चें एफ/२.८ प्राइम भिंग, त्याच अंतरावर एफ/५.६ असणाऱ्या झूमच्या चौपट उजेड घेतें. झूमला जेथें सेकंदाचा अडीचशेवा भाग लागेल, तेथें प्राइमला हजारावा भाग पुरतो. हा लाभ थोडा नव्हे. मात्र त्याचें वजन सुमारें ३ किलो, म्हणजे १००-४०० मि.मी.च्या झूमच्या जवळजवळ दुप्पट. आणि किंमत लहान मोटारीइतकी!

आतां दुसरी बाजू पाहूं. ३६ मि.मी. रुंद संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ४०० मि.मी.चें भिंग २० मीटरांवरील अवघी १.८ मीटर रुंदी टिपतें. मोराच्या मानेस ती पुष्कळ झाली. परंतु पिसारा उलगडतांच तो चौकटीबाहेर जातो. झूमवाला नुसतें कडें फिरवितो. प्राइमवाल्यास मात्र मागेंपुढें सरावें लागतें. बीड शहरांतील कंकालेश्वराच्या शिल्पांपुढें तसें करण्यास हरकत नाहीं; शिल्प कांहीं उडून जात नाहीं. मोर मात्र दोन पावलांनींच बिथरतो. १९६३ पासून तो आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास अभय दिलें आहे. आपल्या हौसेपायीं तें मोडूं नये.

तात्पर्य, एकच भिंग पुतण्यापासून काकूंपर्यंत सर्वांच्या हातीं जावयाचें असेल, तर झूमच घ्यावें. एका जागीं तासन्‌तास निश्चल बसण्याचें व्रत ज्यास साधलें आहे, त्यानेंच प्राइमसाठीं पैसा वेंचावा. भिंग कोणतेंही असो, मोराचा नाच न मोडतां मिळेल तेवढेंच चित्र घेऊन घरीं परतावें, हेंच आमचें सांगणें.