विश्लेषण : बांबूउडीतली पहिली उडी कुठे मारली जाते?

जानेवारी २०२६ मध्ये पनवेल स्थानकात दोन तरुण खेळाडूंना त्यांच्या लांबलचक पोलांसह गाडीतून उतरावे लागले. एक होता बांबूउडीतला, म्हणजे पोल व्हॉल्टमधला राष्ट्रीय विक्रमवीर देव मीना आणि दुसरा कुलदीप यादव. मंगळूरुची आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून दोघे भोपाळला परतत होते. पोल गाडीतून नेण्यावर आक्षेप निघाला आणि त्यांचे काही तास फलाटावर गेले. त्याची चित्रफीत देशभर फिरली, हळहळही व्यक्त झाली. पण त्या दोघांच्या हातात निदान पोल होते. त्याच रायगड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, महाड-पोलादपूर पट्ट्यातल्या सवसारख्या गावातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पोल पहिल्यांदा यायचा तर तो कसा येईल? जगातल्या नामवंत उडीपटूंच्या हाती तो कसा आला, हे पाहिले की या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

खेळाआधी काठी होती

बांबूउडीचा उगम मैदानात नाही, पाणथळ शेतात आहे. नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड भागात शेताशेतांमध्ये पाण्याचे चर असत. वळसा घालून पुलापर्यंत जाण्यापेक्षा लांब काठी चराच्या तळाशी रोवायची आणि पलीकडे झेप घ्यायची, हे तिथल्या शेतकऱ्याचे रोजचे काम होते. त्याचा पुढे स्वतंत्र खेळ झाला, तो आजही खेळला जातो. कॅनरी बेटांवरचे मेंढपाळ काठीच्याच आधाराने डोंगरकड्यांवरून उतरत.

हे वाचून कोकणातल्या वाचकाला फारसे नवल वाटणार नाही. सव हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाणारे, सावित्रीकाठचे गाव. या पट्ट्यात भाताची खाचरे, बांध आणि पावसाळ्यात दुथडी भरणारे वहाळ. काठी टेकून वहाळ ओलांडणे इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. फरक एवढाच, की ही झेप आडवी असते. ती उभी झाली आणि आडवी दांडी ओलांडण्याची शर्यत लागली, तेव्हा खेळ जन्माला आला.

त्या वळणावरची एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टन गावचे उडीपटू या खेळात दादा मानले जात. टॉम रे हा त्यांच्यातला सर्वांत गाजलेला. त्यांची पद्धत अशी : खाली लोखंडी काटे बसवलेली जड लाकडी काठी जमिनीत रोवायची, ती उभी होताच हातावर हात टाकत तिच्यावर सरसर चढायचे आणि ती पडण्याआधी दांडीपलीकडे अंग टाकायचे. ही उडी कमी आणि चढाई जास्त, असे म्हणत अमेरिकेत १८८९ मध्ये वरचा हात आणखी वर सरकवण्यावर बंदी आली. आजचा नियमही तोच आहे : उडी सुरू झाल्यावर खालचा हात वरच्या हाताच्या वर नेता येत नाही.

सरळ खांबावर चढणे, उलटे होणे, अंग तोलून धरणे ही विद्या आपल्याकडे मल्लखांब म्हणून अल्व्हरस्टनच्या आधीपासून होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा रुळवली. हा धागा पुढे लागणार आहे.

बांबू गेला, नाव राहिले

१८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये बांबूउडी होती. अमेरिकेच्या विल्यम हॉइटने ३.३० मीटरवर सुवर्णपदक जिंकले. जड लाकडी काठ्यांची जागा बांबूने घेतल्यावर उंची झपाट्याने वाढली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जपानच्या शुहेई निशिदा आणि सुएओ ओए यांनी रौप्य आणि कांस्यपदक मिळवले, मायदेशी परतल्यावर दोन्ही पदके कापून अर्धी-अर्धी जोडून घेतली. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवत होता. खांबावरची विद्या आणि बांबूवरची उडी एकाच शहरात होत्या, पण त्यांची गाठ काही पडली नाही.

बांबूवर विश्वविक्रमी उंची गाठली ती अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने : १९४२ मध्ये ४.७७ मीटर. १९६० च्या दशकात काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा पोल आला आणि खेळच बदलला. मराठीत मात्र ‘बांबूउडी’ हा शब्द कायम राहिला, आणि त्यामुळे एक गैरसमजही राहिला, की कुठलाही बांबू आणला की झाले. तसे मुळीच नाही. भर वेगात वाकलेला साधा बांबू फाटला तर त्याच्या चिरफळ्या सुरीसारख्या लागतात.

उंची येते कुठून?

इथे थोडे गणित, कारण या खेळात ते फार सुरेख बसते. धावण्याच्या वेगातली ऊर्जा पोल वाकवून साठवायची आणि तिच्यावर वर जायचे. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, एवढी उंची मिळते आणि वजन समीकरणातून चक्क निघून जाते. सेकंदाला ९ मीटर धावणाऱ्याला यातून सुमारे ४.१ मीटर मिळतात. शरीराचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो, म्हणजे झाले ५.१. वेग १० मीटर केला की हीच बेरीज ६.१ वर जाते. त्यापुढचे काही सेंटिमीटर हात आणि पोटाच्या ताकदीचे, पोलवर उलटे होऊन शेवटी स्वतःला ढकलण्याच्या कसबाचे. थोडक्यात, धावपटूचे पाय आणि मल्लखांबपटूचे धड एकाच शरीरात हवे. (अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ऊर्जेचे हे उदाहरण कुणी दिले असते, तर प्रस्तुत बातमीदाराने तो तास बहुधा चुकवला नसता.)

मोठे खेळाडू इकडे वळले कसे?

क्रीडाप्रकारांची यादी समोर ठेवून बांबूउडी निवडणारे विरळाच. ती बहुतेकांना वाटेत भेटली.

सर्वांत सोपी वाट घरातून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटरची विश्वविक्रमी उडी मारणाऱ्या आर्मंड डुप्लांटिसचे वडील ग्रेग स्वतः उडीपटू होते. अमेरिकेतल्या लुइझियानात घराच्या परसातच धावपट्टी आणि गादी होती. नीट बोलता येण्याच्या वयात त्याच्या हाती झाडूचा दांडा होता. फ्रान्सच्या रेनो लाविलेनीचे आणि फिलिपिन्सच्या ई. जे. ओबिएनाचे वडीलही उडीपटूच. ओबिएनाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे : उकाडा, पाऊस आणि तुटपुंज्या सोयी असलेल्या देशातून येऊन त्याने २०२३ मध्ये ६ मीटर गाठले. सहा मीटर ओलांडणारा तो पहिला आशियाई.

दुसरी वाट जिम्नॅस्टिक्समधून येते. रशियाची येलेना इसिनबायेवा पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करत होती. पंधराव्या वर्षी उंची वाढली आणि त्या खेळात तिला भवितव्य राहिले नाही. प्रशिक्षकाने तिला घरी पाठवले नाही, बांबूउडीकडे पाठवले. जेमतेम सहा महिन्यांत, १९९८ मध्ये, ती मॉस्कोतल्या जागतिक युवा क्रीडा स्पर्धेत जिंकली. पुढे दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके आणि ५.०६ मीटरचा विश्वविक्रम.

स्टेसी ड्रॅगिलाचा प्रवास तर आणखी निराळा. ती लहानपणी घोड्यावरून उतरून बकरी बांधण्याच्या ग्रामीण शर्यतीत भाग घ्यायची, नंतर सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये आली. महाविद्यालयातल्या प्रशिक्षकाने सहज पोल धरून बघायला सांगितले. महिलांची बांबूउडी तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. २००० साली सिडनीत ती आली आणि पहिले सुवर्णपदक ड्रॅगिलाने नेले.

एक नाव या गोष्टींमधून पुन्हा पुन्हा डोकावते : विताली पेत्रोव. सर्गेई बुबका शाळकरी वयात त्यांच्या हाताखाली आला आणि पंधराव्या वर्षी त्यांच्यामागे दुसऱ्या शहरात राहायला गेला. १९८५ मध्ये जगात प्रथम सहा मीटर ओलांडणारा तो हाच. इसिनबायेवाने कारकिर्दीतली काही वर्षे पेत्रोव यांच्याकडे काढली, ओबिएनाही त्यांच्याच हाताखाली घडला. प्रतिभा तीन देशांतली, प्रशिक्षक एक.

भारतात कुठे उभे आहोत?

विजयपाल सिंगने १९८७ मध्ये ५.१० मीटरची उडी मारली आणि हा राष्ट्रीय विक्रम तीन दशके जागचा हलला नाही. त्या काळात जग कुठल्या कुठे गेले. तमिळनाडूच्या शिवा सुब्रमणीने २०२२ मध्ये तो ५.३१ वर नेला. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्याच्या देव मीनाने २०२५ या एका वर्षात ५.३२, ५.३५ आणि ५.४० असे तीन टप्पे ओलांडले. पॅरिस ऑलिम्पिकची थेट पात्रता ५.८२ होती, हेही सोबत लक्षात असलेले बरे. महिलांमध्ये व्ही. एस. सुरेखाने २०१४ मध्ये ४.१५, तर रोझी मीनाने २०२२ मध्ये ४.२१ मीटरचा विक्रम केला. दोघीही तमिळनाडूच्या.

या नावांत महाराष्ट्र नाही. तमिळनाडूत गादी आहे, पोल आहेत, शिकवणारे आहेत आणि पुढच्यांना पाहून मागचे येतात. मध्य प्रदेशात भोपाळची अकादमी आहे. मल्लखांबाच्या राज्यात उलटे लटकायला न घाबरणारी हजारो मुले असताना त्यांच्यातली वेगवान मुले हेरून त्यांना पोल देण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. हा दोष मुलांचा नव्हे.

महाड-पोलादपूरला काय लागेल?

रायगडात कबड्डी गावोगाव का पोहोचली? कारण तिला मोकळी जागा पुरते. बांबूउडीचे तसे नाही. किमान ४० मीटरची धावपट्टी, पोल रोवायला जमिनीत बसवलेली, टोकाशी २० सेंटिमीटर खोल पेटी आणि पडायला निदान सहा मीटर रुंद, सहा मीटर लांब नि ८० सेंटिमीटर जाड गादी, असे मोठ्या स्पर्धांचे माप. त्यात पोल एक घेऊन भागत नाही. प्रत्येक पोलवर तो किती वजनाच्या उडीपटूसाठी आहे, हे लिहिलेले असते. त्याहून जड मुलाने तो वाकवला तर मोडण्याचा धोका. वाढत्या वयाच्या मुलाला दर काही महिन्यांनी पुढचा पोल लागतो. म्हणून ही खरेदी पालकाने करायची नसतेच, ती केंद्राने करायची असते.

सुरुवात मात्र याहून बरीच स्वस्त आहे. पहिले काही महिने पोल वाकवायचाच नसतो. हात डोक्याच्या थोडे वर, चार-सहा पावलांची धाव आणि लांबउडीच्या वाळूच्या खड्ड्यात पलीकडे झुलत उतरणे, तेही जाणकार प्रशिक्षकाच्या नजरेखाली. वहाळ ओलांडणाऱ्या मुलाला यातले निम्मे आधीच येत असते. एवढ्यावरून कोणाला गादीपर्यंत न्यायचे, हे प्रशिक्षकाला कळते.

गादीची गोष्ट वेगळी आणि कोकणात ती अधिक अवघड. या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरचा फोम एका पावसाळ्यात कुजेल, त्यामुळे पक्के छप्पर आधी आणि गादी नंतर. शिवाय जुलै २०२१ चा महाडचा पूर ज्यांनी पाहिला, ते सांगतील की तळमजल्यावर ठेवलेल्या वस्तूंचे काय होते. पूररेषेच्या वरची जागा निवडावी लागेल. तालुका क्रीडा संकुलांची सरकारी योजना आहे, शालेय स्पर्धांत मोठ्या वयोगटांसाठी हा प्रकारही आहे. मग सोय प्रत्येक तालुक्यात नको, पण दक्षिण रायगडसाठी एक छपराखालची गादी, वजनानुसार आठ-दहा पोल आणि एक पूर्णवेळ प्रशिक्षक एवढी मागणी जिल्ह्याच्या क्रीडा नियोजनात बसू नये, असे काही नाही. आज इथल्या मुलाने पूर्ण सोयी पाहायच्या म्हटल्या तर घाट चढून पुण्यात बालेवाडी गाठावी लागते.

शिकाऊ पोलही तीन-साडेतीन मीटरचा असतो. तो एसटीत मावत नाही आणि रेल्वेत त्याचे काय होते, ते पनवेलने दाखवले. त्यामुळे पोल मुलांमागे फिरवण्यात अर्थ नाही, ते एकाच जागी ठेवावे लागतील. ती जागा महाडला झाली, तर सवहून सायकलने जाता येईल.