चार पदरी लुगडे

साथीच्या रोगांच्या प्रतिबंधास वाहिलेला हा अंक वाचकांच्या हाती देताना, बांगलादेशातील मतलब या मुलखात झालेल्या एका प्रयोगाचा निर्देश आरंभीच करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवांस चिकटून राहतात हे जाणून, रीटा कॉलवेल, अन्वर हक व त्यांचे सहकारी यांनी असा तर्क केला की, सुटा जंतू वस्त्रातून निसटत असला, तरी त्यास वाहून नेणारे जीव गाळले गेले, तर रोगाचा मार्ग पुष्कळ अंशी रोखला जाईल. आणि गाळणी म्हणून त्यांनी घेतले ते घरोघरचे जुने सुती लुगडे, निदान चार पदरी घडी घालून घागरीच्या तोंडावर धरलेले. नव्याहून जुने सरस, कारण वारंवार धुण्याने तंतू विसविशीत होऊन विणीतील छिद्रे आकुंचन पावतात. ६५ गावांतील सुमारे १,३३,००० लोकांच्या पाहणीत, गाळलेले पाणी वापरणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले.

पाच वर्षांनंतरच्या पाहणीत तेथील ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळीत असल्याचे, आणि त्यांच्या न गाळणाऱ्या शेजाऱ्यांसही त्याचा लाभ पोहोचल्याचे दिसले. दरिद्री घरातील गृहिणीच्या हातास इतके सामर्थ्य देणारे संशोधन आम्ही श्रेष्ठ मानतो. तथापि शुद्ध पाण्याचा बंदोबस्त ही सरकारची जबाबदारी आहे, आणि लुगड्याच्या घडीकडे बोट दाखवून कोणत्याही अंमलदाराने ती टाळू नये.