पुढचा आठवडा नसलेली मालिका

विनोदी मालिकेचा प्रेक्षकांशी एक अलिखित करार असतो. या आठवड्यात पात्रांनी कितीही घोळ घातले, कितीही फजिती झाली, तरी पुढच्या आठवड्यात ती त्याच जागी, त्याच कपड्यांत, त्याच खोडींसह हजर असणार. प्रेक्षक निर्धास्त हसतो तो याच खात्रीवर. २ नोव्हेंबर १९८९ रोजी बीबीसीवर ‘ब्लॅकॲडर गोज फोर्थ’ या मालिकेचा सहावा आणि शेवटचा भाग दाखवला गेला आणि तो करार मोडला. पहिल्या महायुद्धातल्या एका खंदकातून चार माणसे वर चढली, तोफगोळ्यांच्या धुरात धावली आणि दिसेनाशी झाली. पडद्यावर उरले ते लाल पॉपीच्या फुलांचे शेत आणि पाखरांचा आवाज. या शेवटाची गणना आजही ब्रिटिश टेलिव्हिजनच्या सर्वांत हृदयस्पर्शी क्षणांत होते. त्याची स्तुती करणारे बहुतेक जण म्हणतात की, विनोदाने अखेरच्या क्षणी गांभीर्याला वाट करून दिली. मला हे पटत नाही. तिथे विनोद बाजूला झाला नाही, तो आपल्या शेवटच्या टोकापर्यंत गेला. युद्धाबद्दल त्या शेवटाला जे सांगायचे होते, ते विनोदी मालिकेखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्रकाराला इतक्या थेटपणे सांगता आले नसते.

आपल्याकडे रोवन ॲटकिन्सन घरोघरी पोहोचला तो मिस्टर बीन म्हणून, जवळजवळ मुक्या, धांदरट माणसाच्या रूपात. इथला त्याचा कॅप्टन एडमंड ब्लॅकॲडर अगदी उलट आहे. जीभ धारदार, डोके शाबूत आणि भोवतालच्या वेडाचाराची पुरेपूर जाण असलेला. रिचर्ड कर्टिस आणि बेन एल्टन यांनी लिहिलेल्या या मालिकेत साल आहे १९१७, ठिकाण पश्चिम आघाडीवरचा खंदक. त्याच्या सोबतीला टोनी रॉबिन्सनचा भाबडा शिपाई बॉल्ड्रिक आणि ह्यू लॉरीचा उत्साही, बालिश लेफ्टनंट जॉर्ज. आघाडीपासून दूर आलिशान मुख्यालयात स्टीफन फ्रायचा जनरल मेल्चेट आणि त्याचा कारकुनी साहाय्यक कॅप्टन डार्लिंग, म्हणजे टिम मॅकइनर्नी. आधीच्या पाचही भागांत ब्लॅकॲडरची धडपड एकच आहे, मरणाच्या तावडीतून सुटण्याची. कधी तो चित्रकार व्हायला निघतो, कधी सैनिकांच्या करमणुकीचा कार्यक्रम बसवतो, कधी विमानदलात शिरतो, कधी हेर शोधण्याच्या निमित्ताने इस्पितळात मुक्काम ठोकतो. दुसऱ्या भागात जनरलचे लाडके कबूतर मारल्याबद्दल त्याला मृत्युदंड होतो आणि गोळीबाराच्या पथकासमोर उभा असताना ऐनवेळी माफी मिळते. प्रत्येक बेत फसतो, पण फसला तरी जीव वाचतो. पाच आठवडे प्रेक्षकाला हीच सवय लावली जाते.

या पाच भागांच्या शीर्षकांत इंग्रजी शब्दांशी खेळत प्रत्येकी एक लष्करी हुद्दा गुंफला आहे: कॅप्टन, कॉर्पोरल, मेजर, प्रायव्हेट, जनरल. सहाव्या भागाच्या शीर्षकात हुद्दा नाही. आहे तो फक्त लांबवलेला निरोप, ‘गुडबाऽऽय’. उद्या पहाटे मोठा हल्ला असल्याचा हुकूम येतो आणि ब्लॅकॲडर आपला सर्वांत जुना डाव काढतो. डोक्यावर चड्डी, नाकपुड्यांत दोन पेन्सिली आणि तोंडाने निरर्थक शब्द. पण वेडाचे सोंग घेणाऱ्या शिपायांना मेल्चेटने सुदानमध्ये गोळ्या घातल्याचे कळताच तो डाव गुंडाळावा लागतो. मग तो थेट सरसेनापती डग्लस हेग यांना फोन करतो, कारण कधीकाळी त्याने त्यांचा जीव वाचवलेला असतो. जेफ्री पामर यांनी रंगवलेला हेग फोनवर बोलता बोलता युद्धाच्या नकाशावरचे आडवे झालेले खेळण्यातले सैनिक केर भरावा तसे सुपलीत भरतो आणि खांद्यावरून मागे फेकतो. सल्ला काय देतो, तर चड्डी आणि पेन्सिली. म्हणजे जो डाव आपण करून फसलो, तोच सैन्याच्या सर्वोच्च ठिकाणाहून परत येतो. सुटकेची शेवटची फट इथे बुजते आणि तीही एका विनोदाने. गांभीर्य बाहेरून आणून चिकटवलेले नाही ते असे.

त्यानंतर लेखक एकेका पात्राच्या अंगावरची विनोदी कातडी सोलत जातात. जॉर्जची बावळट देशभक्ती आतापर्यंत हमखास हशा मिळवत आली आहे. आता तो केंब्रिजमधल्या आपल्या मित्रांची नावे घेतो. १९१४ मध्ये सगळे मिळून नाव नोंदवायला गेले होते आणि आता त्यांतला आपण एकटाच उरलो, हे त्याच्या ध्यानात येते. मग तो कबूल करतो की त्याला भीती वाटते आहे. मुख्यालयात बसून ब्लॅकॲडरला छळणारा डार्लिंग, मेल्चेटने कौतुकाने दिलेल्या ‘संधी’मुळे, गयावया करूनही आघाडीवर पाठवला जातो. खंदकात उतरल्यावर तो सांगतो की युद्ध संपले की घरी जायचे होते, लग्न करायचे होते, क्रिकेटमध्ये यष्टिरक्षण करायचे होते. भोळा बॉल्ड्रिक विचारतो की हे सगळे थांबवून सरळ घरी का जाता येत नाही. आणि अचानक तोफा थांबतात. क्षणभर सगळ्यांना वाटते, संपले. डार्लिंग सुटकेचा निःश्वास टाकत महायुद्धाची सनावळी उच्चारतो: १९१४ ते १९१७. युद्ध नोव्हेंबर १९१८ पर्यंत चालले, हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असते. त्या एका चुकीच्या आकड्याने प्रेक्षागृहातला हशा गळ्यात अडकतो, कारण आता पात्रांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असते. तोफा थांबल्या आहेत त्या हल्ला सुरू व्हायचा आहे म्हणून. बॉल्ड्रिक सवयीप्रमाणे आपली ‘धूर्त योजना’ काढतो. ब्लॅकॲडर पहिल्यांदाच तिची टर उडवत नाही. तो म्हणतो, ती काहीही असो, माझ्या वेडाच्या सोंगापेक्षा बरीच असेल, कारण इथे आणखी एक वेडा कोणाच्या नजरेत भरला असता? मग शिट्टी वाजते.

इथे एक रास्त आक्षेप घेता येईल. ब्लॅकॲडरच्या आधीच्या पर्वांतही शेवटी माणसे मरतातच. पहिल्या पर्वाच्या अखेरीस विषाने जवळजवळ सगळे दरबारी मरतात, दुसऱ्याच्या अखेरीस राणीच्या वेशातल्या खलनायकाने सगळ्यांची कत्तल केलेली दिसते. मग चौथ्या पर्वाने कोणता करार मोडला? फरक मृत्यूत नाही, मृत्यूच्या हाताळणीत आहे. आधीची मरणे ही शेवटची कोटी होती. प्रेत दिसायचे आणि हशा व्हायचा. मरण हा तिथे विनोदाचाच एक प्रकार होता, म्हणून करार शाबूत राहायचा. चौथ्या पर्वात एकही प्रेत दाखवलेले नाही. चारही जण जिवंतच दिसतात, धावताना, आणि तसेच विरघळून जातात. ज्या मालिकेने तीनदा मरणावर हसायला शिकवले होते, तिने चौथ्यांदा हसण्याची सोय काढून घेतली. आधीच्या पर्वांचे शेवट या शेवटाला कमकुवत करत नाहीत, उलट त्याची पूर्वतयारी करून ठेवतात.

दुसरा आक्षेप म्हणजे हा परिणाम बराचसा संकलनाच्या टेबलावर घडला. हे खरे आहे. निर्माता जॉन लॉइड आणि सहकाऱ्यांना मूळ चित्रित झालेला हल्ला मनासारखा वाटला नव्हता. स्टुडिओतली ती खोटी युद्धभूमी खोटीच दिसत होती. म्हणून दृश्याचा वेग उतरवला, मालिकेचे शीर्षकसंगीत संथ आणि एकाकी केले आणि धुरातून पॉपीच्या शेतात चित्र विरघळवले. ब्रिटनमध्ये पॉपी हे युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचे चिन्ह आहे आणि दहाच दिवसांनी तिथला स्मृतिरविवार होता. यात भावविवशता आहे का? फुले आणि पाखरे एरवी स्वस्तात अश्रू काढण्याची साधने ठरू शकली असती. पण त्या फुलांआधी साडेपाच भाग विखारी विनोद आहे. एकाही पात्राने बलिदानाचे भाषण केलेले नाही, एकाही मरणाला उदात्त अर्थ दिलेला नाही. ज्यांनी स्वतःच्या भीतीवर फक्त विनोद केला, त्यांच्यासाठी शेवटी दोन क्षण शांतता राखणे ही भावविवशता नव्हे, सभ्यता आहे. योगायोगाने सापडलेली युक्तीदेखील तेव्हाच लागू पडते, जेव्हा तिच्या आधीचा सगळा मजकूर तिला तोलून धरतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो इतिहासकारांचा आहे. मूर्ख सेनापती आणि बिचारे शिपाई हे चित्र १९६० च्या दशकात ॲलन क्लार्कच्या ‘द डाँकीज’ या पुस्तकाने आणि ‘ओह, व्हॉट अ लव्हली वॉर’ या नाटकाने पक्के केले, आणि ब्लॅकॲडरने ते पुढच्या पिढीच्या डोक्यात बसवले, असे गॅरी शेफील्ड यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. ब्रिटिश सैन्य चुकांतून शिकत गेले आणि १९१८ च्या अखेरच्या शंभर दिवसांत त्याने जर्मन सैन्याला निर्णायकपणे मागे रेटले. युद्धात दोनशेहून अधिक ब्रिटिश जनरल मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, म्हणजे सगळेच काही मेल्चेटसारखे मागे बसून नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी अशा कलाकृतींवर युद्धाचे विकृत चित्र रंगवल्याचा आरोप केला, तेव्हा बॉल्ड्रिक साकारणारे टोनी रॉबिन्सन यांनी शिक्षकांची बाजू घेतली होती. इतिहासकारांचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून मान्य करायलाच हवे. शाळेत ही मालिका इतिहासाचे पुस्तक म्हणून शिकवली जात असेल, तर ती चूक आहे. हेग यांच्या युद्धनीतीचे मूल्यमापन सुपलीवरून होऊ शकत नाही.

पण हा आक्षेप मालिकेच्या शेवटाला लागत नाही. युद्ध शेवटी कसे जिंकले, हा प्रश्न तो शेवट विचारतच नाही. तो १९१७ मधल्या चार माणसांना १९१८ पाहता आले नाही, एवढेच सांगतो. सैन्य शिकत गेले हे खरे, पण त्या शिकण्याची किंमत मोजणारे बहुतेक जण धडा वाचायला उरले नव्हते. १ जुलै १९१६ या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्यातले ५७,४७० जण मारले गेले, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांत मृत १९,२४० होते. भ्याडपणा, पलायन अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली. कबुतराच्या खटल्यात ब्लॅकॲडरला ऐनवेळी मिळालेली माफी या माणसांना नव्वद वर्षे उशिरा मिळाली. सेनापती शहाणे होते हे सिद्ध झाल्याने शिडीच्या तळाशी उभ्या माणसाची भीती कमी होत नाही. इतिहास दोन्ही गोष्टी सांगू शकतो, पण दुसरी गोष्ट अनुभवायला लावणे हे कलेचे काम आहे.

मग मृतांवर विनोद करणे हा अवमान नाही का? याचे उत्तर खंदकातल्या माणसांनीच देऊन ठेवले आहे. फेब्रुवारी १९१६ पासून बेल्जियममधल्या ईप्र इथे सापडलेल्या एका छापखान्यावर शेरवुड फॉरेस्टर्स पलटणीच्या अधिकाऱ्यांनी ‘वायपर्स टाइम्स’ नावाचे विनोदी पत्र छापले. खोट्या जाहिराती, वरिष्ठांची आणि आपल्या दुर्दशेची थट्टा, असा त्यातला मजकूर होता. शेवटच्या भागाचे शीर्षकदेखील १९१७ च्या एका विनोदी गाण्याचे आहे, त्या काळी सैनिकांना निरोप देताना गायले जाणारे. म्हणजे १९८९ च्या लेखकांनी युद्धावर विनोद लादला नाही, तो तिथे आधीपासून होता. त्या हसण्याचा शेवट काय झाला, एवढे त्यांनी जोडले.

एक उणीव मात्र मला खरी वाटते. फ्लँडर्सच्या त्याच मातीत १९१४ आणि १९१५ मध्ये भारतीय सैनिकही उभे होते. मार्च १९१५ मधल्या नव्ह शापेलच्या हल्ल्यात जवळजवळ निम्मे सैन्य भारतीय होते आणि तिथल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय नावे आहेत. मराठा पलटणींचे युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत इथे वेढ्यात उपाशी राहून शरण गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाने ओळखली जायची आणि तिच्यात मराठा शिपाई होते. समुद्रापार गेलेल्या दहा लाखांहून अधिक भारतीयांपैकी सुमारे ७४,००० परतले नाहीत. वसाहतीतल्या लढाया म्हणजे आधुनिक शस्त्रे नसलेल्या लोकांवरचे सोपे विजय होते, हे ब्लॅकॲडर स्वतःच कबूल करतो. पण साम्राज्याचा शिपाई त्याच्या खंदकात दिसत नाही. हा दोष मालिकेइतकाच ब्रिटनच्या स्मरणशक्तीचा आहे. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतून गेलेल्या त्या माणसांची थट्टा, भीती आणि खोडी सांगणारी गोष्ट आपण तरी कुठे लिहिली? त्यांच्या वाट्याला शिलालेख आले, स्वभाव आला नाही.

या शेवटाचे मोल मला नेमके इथे दिसते. स्मारक मृताला नाव देते, आकडा त्याला इतरांबरोबर मोजतो, आणि दोन्ही ठिकाणी तो आपल्याला भेटतो तोवर मेलेलाच असतो. विनोदी मालिका माणसाला उलट्या बाजूने आणते. त्याच्या खोडी, त्याची चिडचिड, त्याची तीच ती फसणारी योजना आपल्या ओळखीची होते आणि तो पुन्हा दिसणार असे आपण गृहीत धरून चालतो. आघाडीवर गेलेल्या माणसाच्या घरचेही हेच गृहीत धरून चालले असतील की पुढच्या आठवड्यात पत्र येईल. लाखो प्रेक्षकांना ते गृहीतक एका शिट्टीसरशी तुटताना अनुभवावे लागले. डार्लिंगने सांगितलेली सनावळी इतिहासाच्या पुस्तकात चूकच आहे. त्याच्यापुरती ती बरोबर होती.