मागचा ॲक्सल निवडताना
अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये १९३२ च्या फोर्डची हॉट रॉड बांधणाऱ्याने मागचा ॲक्सल निवडताना आधी इंजिनाची ताकद पाहावी, देखणेपणा नंतर. १९४८ पर्यंतच्या फोर्ड मोटारींचा ‘बँजो’ ॲक्सल आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगसोबत शोभतो आणि जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ ला पुरतोही. पण त्याचा शाफ्ट बंद नळीत फिरतो, म्हणून नवा गिअरबॉक्स जोडणं जिकिरीचं. इंजिन दांडगं असेल, तर १९५७ मध्ये आलेला फोर्डचा नऊ इंची ॲक्सल घ्यावा. त्याचा गिअरांचा गाभा पुढून अख्खा निघतो, त्यामुळे गुणोत्तर बदलणं सोपं जातं. मात्र रुंदी मोजल्याशिवाय पैसे मोजू नयेत. रोज रस्त्यावर निर्धास्त पळणारी गाडीच जुन्या फोर्डचा खरा मान राखते.