लग्नाआधी चेहरा ‘टाइट’ करताना



पुतणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आमच्या वन्सं मेंदी ठरवायला पार्लरमध्ये गेल्या आणि ‘हायफू’ करून आल्या. “वहिनी, सुई नाही, चिरफाड नाही, लग्नापर्यंत चेहरा घट्ट!” लग्नात चेहरा होता तसाच होता, वर हनुवटीची एक बाजू बधिर. काही आठवड्यांनी ती बरी झाली, पण तोवर त्यांना धड झोप नव्हती.

यात सोनोग्राफीसारख्याच ध्वनिलहरी असतात. पण भिंगाने ऊन एका ठिपक्यावर गोळा करावं, तशा त्या कातडीखाली दीड ते साडेचार मिलिमीटरवर एकवटतात. तिथे साधारण ६० ते ७० अंश उष्णता होते, जुनं कोलॅजन आकसतं आणि हळूहळू नवं तयार होतं. म्हणूनच फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत कुठून दिसणार?

उपचार खोटा नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ‘अल्थेरपी’ या यंत्राला २००९ मध्ये भुवईसाठी आणि २०१२ मध्ये मान-हनुवटीसाठी मान्यता दिली. पण गुण येतो तो थोड्याफार सैल कातडीला. जास्त लोंबणारी कातडी याने वर जात नाही, आणि आलेला गुणही कायमचा नसतो. दुखणं, लाली, सूज नेहमीची. क्वचित भाजतं, नस दुखावते किंवा गालाची चरबी कमी होऊन चेहरा उलट ओढलेला दिसतो.

छान दिसावंसं वाटलं तर लाजायचं कशाला? माझा आक्षेप घाईला आणि शिकाऊ हातांना आहे. चेहऱ्याच्या नसा कुठून जातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती हे यंत्र देऊ नये. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा आणि विचारा: यंत्र कोणतं? ते आतला थर पडद्यावर दाखवतं का? माझ्या कातडीला खरंच उपयोग होईल का? गरोदरपण, पेसमेकर, चेहऱ्यावरची जखम किंवा मोठी पुटकुळी लपवू नका.

आपण भाजी घेतानासुद्धा एकेक शेंग मोडून बघतो. चेहऱ्यासाठी तेवढी चौकशी नको का करायला?